पात्याच्या टोकाची फट

आमच्या कारखान्यात एक जावई होता. जाड लोखंडाचा, पिवळ्या रंगाचा, आत एखादा माणूस आडवा झोपू शकेल एवढा मोठा.

अंधेरी पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. तिथे आम्ही हवेचे मोठे पंखे बनवतो. इमारतींच्या तळघरात गाड्या उभ्या असतात, तिथली धुरकट हवा ओढून बाहेर फेकणारे हे पंखे. अशा प्रत्येक पंख्याभोवती एक लोखंडी नळकांडं असतं. त्याला केसिंग म्हणतात. जावई हे असंच एक केसिंग होतं, पण विकायचं नव्हे. मोठ्या लेथवर आतून कातून घेतलेलं, कुठूनही मोजा, गोल म्हणजे गोल. नवा पंखा तयार झाला की त्याच्या मोटरी आणि पाती आधी जावयात बसवायची, चाचणी घ्यायची, प्रमाणपत्र करायचं, आणि मग सगळं उतरवून त्या पंख्याच्या स्वतःच्या केसिंगमध्ये घालून गिऱ्हाइकाकडे पाठवायचं. ते केसिंग पातळ पत्रा वळवून, शिवण वेल्ड करून केलेलं असे. कुठे फुगलेलं, कुठे दबलेलं. पाती घासू नयेत म्हणून मुळातच सैल वळलेलं.

माझ्या आधी कधीतरी गिऱ्हाइकासमोर चाचणी चालू असताना एका पंख्याची पाती पत्र्याला घासली होती आणि ठिणग्या उडाल्या होत्या. तेव्हापासून ही पद्धत पडली. यात आपण कोणाला फसवतोय असं गाळ्यात कोणालाच वाटत नसे. पंखा म्हणजे पाती आणि मोटर, केसिंग म्हणजे नुसतं खोकं, अशी सगळ्यांची प्रामाणिक समजूत होती. खंडेनवमीला पहिला हार जावयाला पडायचा. आमचे फिटरकाका मालवणकडचे. ते रोज सकाळी त्याच्यावरून फडकं फिरवत आणि म्हणत, "जावय तो जावय गो. मान ठेवूकच होयो."

माझा सूड या जावयाने पुरा केला. तो कसा, ते सांगायचं आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावची. आबा पाटकरी होते. कालव्याची दारं उघडायची, बंद करायची, कोणाच्या शेतात किती पाणी जातंय ते पाहायचं, हे त्यांचं काम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शाळेतल्या गणिताच्या बाई आबांना येऊन सांगून गेल्या होत्या, की हिला थांबवू नका. त्या बाई नसत्या तर हे लिहायला मी नसते. इंजिनिअर होऊन मी बोरिवलीला मावशीकडे राहायला आले आणि मुलाखती देत फिरले. प्रश्न कळायचे, उत्तरंही यायची, पण इंग्रजीत वाक्य जुळेपर्यंत समोरचा माणूस घड्याळ बघायला लागायचा.

मला नोकरी दिली ती सरांनी. ते आमच्या कारखान्याचे तांत्रिक प्रमुख. मुलुंडचे, दोन पिढ्या मुंबईत स्थिरावलेले, इंग्रजी झऱ्यासारखं. त्यांनी माझ्या गुणपत्रिका पाहिल्या आणि मराठीतच विचारलं, "पंख्यांमध्ये इंटरेस्ट आहे का गं तुला?" मी हो म्हटलं. "मग सोमवारपासून ये. इंग्रजीचं बघू नंतर." मी मावशीच्या घरी पोचेपर्यंत रडत होते. त्या वर्षी गुरुपौर्णिमेला मी सरांच्या टेबलावर पेढे नेऊन ठेवले आणि वाकून नमस्कार केला. ते उपकार मी अजूनही नाकारत नाही. सरांनाही त्यांची आठवण होती. पुढे मी कधी काही वेगळं बोलले, की ते हसून म्हणायचे, "तुला इथे कोणी आणलं?" मग मी गप्प.

आमचा सगळ्यात महागडा पंखा दोन चक्रांचा. एका केसिंगमध्ये एकामागे एक दोन चक्रं, एक उजवीकडे फिरणारं, दुसरं डावीकडे. पहिलं चक्र हवा पुढे ढकलतं, पण ढकलताना तिला पीळही घालतं. दुसरं उलट फिरत असल्यामुळे तो पीळ सोडवतं, आणि हवा सरळ, जोरात बाहेर पडते. कल्पना फार सुंदर आहे. फक्त गिऱ्हाइकाकडे बसवल्यावर यातले बरेच पंखे हंबरायचे. खालवर होणारा, लांबलचक, गुरासारखा आवाज. गाळ्यात चाचणीच्या वेळी मात्र हूं की चूं नाही. सर वैतागून म्हणत, "बसवणारे गाढव आहेत." शेवटी त्यांनी ते कोडं माझ्याकडे ढकललं, कारण ते दुसऱ्या कोणालाच नको होतं.

मी बोरिवलीच्या बाजारातून लाल लोकर आणली. तिचे बोटभर लांबीचे तुकडे करून पंख्याच्या तोंडाशी, आतल्या भिंतीला, जिथे चिकटतील तिथे चिकटवले. जावई बाजूला ठेवून पंखा त्याच्या पत्र्याच्या केसिंगमध्येच बसवला आणि त्याला एका बाजूने पारदर्शक खिडकी करून घेतली. पंखा चालू केला की हवा जिकडे जाते तिकडे लोकर वळते, एवढी साधी युक्ती. मधल्या भागात सगळे धागे शहाण्या पोरांसारखे सरळ उभे राहिले. भिंतीजवळ, पात्यांच्या टोकांशी, त्यांचं डोकं फिरलं. काही थरथरत होते, काही गोल फिरत होते, आणि काही तर चक्क उलटे वळून माझ्याकडे येत होते. पंखा हवा आत ओढतोय आणि धागा बाहेर येतोय!

ते पाहून मला कालव्यावरची फळी आठवली. दारावरची फळी नीट बसली नाही, तर कडेच्या फटीतून पाणी जोरात निसटतं आणि पलीकडे गेल्या गेल्या भोवरा करतं. आबा त्या भोवऱ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "बघ, चोर पळाला." पात्याचंही तेच. पात्याच्या एका अंगाला हवेचा दाब जास्त, दुसऱ्या अंगाला कमी. टोक आणि केसिंग यांच्यात फट असली की हवा त्या फटीतून या अंगावरून त्या अंगावर निसटते आणि तिची गुंडाळी होते. एकच चक्र असतं तर ती गुंडाळी वाहून गेली असती. इथे पुढ्यात दुसरं चक्र उलटं फिरत येतंय. त्याचं प्रत्येक पातं पहिल्याच्या प्रत्येक भोवऱ्यावर आपटतं. तेच ते हंबरणं. आणि पत्रा सगळीकडे सारखा गोल नसल्यामुळे फट इथे नखाएवढी, तिथे बोटाएवढी, म्हणून आवाज खालवर होणारा. जावयात फट सगळीकडे सारखी आणि चार-पाच पोस्टकार्डांच्या जाडीएवढीच, म्हणून तिथे शांतता. तळघरात आग लागली तर हेच पंखे धूर ओढून काढणार असतात. भोवऱ्यात अडकलेला पंखा नुसता ओरडतो, धूर काढत नाही. म्हणून हे मला नुसत्या आवाजाचं प्रकरण वाटत नव्हतं.

सरांना दाखवलं, तेव्हा ते खिडकीसमोर बराच वेळ वाकून उभे राहिले. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "झकास! वांद्र्याला आपल्या धंद्यातल्या लोकांची परिषद आहे, तिथे हे मांडायचंच. तू तयार कर."

मी जीव ओतून तयारी केली. चित्रफीत, आकृत्या, इंग्रजी वाक्यं पाठ. आबांना गावाहून बोलावून घेतलं. ते आयुष्यात दुसऱ्यांदा मुंबईला आले. परिषदेच्या सकाळी सर म्हणाले, "हे बघ, तू अडखळशील गं. लोक कसे असतात, तुला माहीत नाही. मी बोलतो. तू मागे बसून क्लिप चालव." मी म्हटलं, "सर, पण मी पाठ केलंय." ते हसले. "तुला इथे कोणी आणलं?"

सर फार छान बोलले. एका संध्याकाळी घरी बसल्या बसल्या त्यांच्या मनात लोकरीची कल्पना कशी आली, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं, की क्षणभर मलाही ते दिसलं. मी बटण दाबत होते. माझे लाल धागे भिंतीएवढे मोठे होऊन नाचत होते. शेवटी कोणीतरी विचारलं, की हे प्रयोग करायला तुमच्या हाताखाली कोण होतं. सरांनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, "ती आमची गावाकडची मुलगी. लोकर तिने आणली."

लोक हसले. वाईट हेतूने नाही, चहाच्या आधी हसतात तसे. सगळ्यात मागच्या रांगेत आबा बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्यांना इंग्रजीतलं काही कळलं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या, सगळ्यांपेक्षा थोडा जास्त वेळ.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "नाव घेतलं का गं तुझं? मला काय ऐकू आलं न्हाई."

"घेतलं, आबा."

"मोठ्यांदी घ्यायचं की मग," ते म्हणाले आणि समाधानाने पान काढलं.

आबांसमोर मला खोटं बोलायला लावलं, त्याच दिवशी माझ्या मनात ती गोष्ट पक्की झाली. आरडाओरडा करायचा नाही, राजीनामा द्यायचा नाही. हा माणूस माझं नाव घेईल, सगळ्यांसमोर घेईल, आणि मी म्हणेन तेवढ्या मोठ्याने घेईल.

परिषदेनंतर सरांचं नाव झालं. मी दोनदा त्यांच्याकडे गेले, की आता आपली केसिंग कातून घेऊ, फट आवरू, आणि पंख्याची चाचणी त्याच्या स्वतःच्या केसिंगमध्ये घेऊ. पहिल्यांदा म्हणाले, "लेथवर किती वेळ जातो माहितीये का?" दुसऱ्यांदा म्हणाले, "प्रेझेंटेशन झालं ना यार. आता पत्र्याच्या मागे कशाला लागतेस? आपला जावई आहे ना!" मी आपल्या टेबलावर परत आले. मी वाट बघू शकते. पाटकऱ्याची मुलगी आहे, पाणी सोडल्यावर शेवटच्या शेतापर्यंत पोचायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे.

पाणी पोचलं ते मुलुंडला, सरांच्याच इमारतीत. सर त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. तळघरातला जुना पंखा बदलायचा होता. सरांनी सभेत छाती काढून सांगितलं, की आपल्याच कारखान्यातला दोन चक्रांचा पंखा बसवतो, मुंबईत याच्यासारखा पंखा नाही. पंखा जावयात तपासला गेला, सुरेख पास झाला, पातळ पत्र्याच्या केसिंगमध्ये शिरून मुलुंडला गेला आणि पहिल्याच सकाळी हंबरला.

त्या पंख्याची हवा ज्या झडपेतून बाहेर पडते ती नेमकी सरांच्या बेडरूमच्या खाली. ही माझी करामत नाही. हे देवाचं काम, आणि मी त्याची आभारी आहे.

सकाळी लोक गाड्या काढतात तेव्हा, आणि संध्याकाळी परत येतात तेव्हा, पंखा चालू. सोसायटीत त्याचं नाव पडलं 'सेक्रेटरींची म्हैस'. सर हे स्वतः सांगत नसत, पण त्यांच्या इमारतीत आमच्या अकाउंट्समधल्या मुलीची आत्या राहते, त्यामुळे गाळ्यात सगळं कळायचं. लिफ्टमध्ये पोरं त्यांना विचारायची, "काका, दूध किती देते?" तळमजल्यावरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका रोज सकाळी खिडकीतून ओरडायच्या, "अहो सेक्रेटरी, तिला पाणी दाखवा जरा!" सर डोळे तांबारलेले घेऊन यायचे. मी त्यांना रोज गुड मॉर्निंग म्हणायचे.

एका शुक्रवारी त्यांनी मला आणि फिटरकाकांना केबिनमध्ये बोलावलं. रविवारी सोसायटीची वार्षिक सभा होती. तिथे त्यांना उभं करून सोलणार, हे उघड होतं.

"त्या आवाजाचं कायतरी करा," सर म्हणाले. "उद्याच्या उद्या. रविवारी मला चूं आवाज नकोय."

मी म्हटलं, "सर, त्याचं कारण आपल्याला माहीत आहे. केसिंगची फट."

"लेक्चर नको गं. इलाज सांग."

"गोल कातलेलं केसिंग लावावं लागेल. उद्यापर्यंत नवीन कातून होणार नाही. त्या मापाचं कातलेलं केसिंग आपल्याकडे एकच आहे, सर."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सोसायटीच्या खजिनदारांचा होता. फोनवर हात ठेवून सर म्हणाले, "एक असेल तर तेच लाव ना! प्रत्येक गोष्ट मला विचारणार का? जे लागेल ते ने, आणि सोमवारपर्यंत मला तुझं तोंड दाखवू नकोस."

"हो सर," मी म्हटलं.

पुढच्या बुधवारी गाळ्यात मोठी चाचणी होती. घाटकोपरला बांधल्या जाणाऱ्या एका इमारतीसाठी त्याच मापाच्या, दोन चक्रांच्या पंख्यांची दुसरी खेप जायची होती, आणि गिऱ्हाइकाचे इंजिनिअर स्वतः बघायला येणार होते. सरांना तो बुधवार रविवारच्या आड दिसत नव्हता. मला स्वच्छ दिसत होता.

काका बाहेर येऊन माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "खुळी झालंस काय गो? जावयाक भायर काढतंस?"

"सरांनी सांगितलं, काका. तुमच्यासमोर सांगितलं."

"सांगितला खरा," ते म्हणाले. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "पण बायो, जावय एकदा सासुरवाडीक गेलो, की लवकर येणा नाय."

"अधिक महिन्याचा पाहुणचार होऊ दे त्याचा."

काका इतके हसले, की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. शनिवारी आम्ही चेन पुली लावून जावयाला टेंपोत चढवलं. मी त्याच्यावर धुतलेलं कापड घातलं. मुलुंडच्या तळघरात जुनं केसिंग उतरवून जावयाला छताला टांगलं, त्याच मोटरी, तीच पाती आत बसवली, आणि बटण दाबलं. हवेचा एक मऊ, भरदार श्वास फक्त. वरून मुख्याध्यापिकाबाई खाली आल्या. "मेली का म्हैस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "झोपली आहे, बाई."

रविवारच्या सभेत सरांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्यांनी भाषण केलं. एका संध्याकाळी घरी बसल्या बसल्या त्यांना उपाय कसा सुचला, ते सांगितलं. ही बातमी सोमवारी आत्याकडून आली तेव्हा मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. शेवटच्या क्षणी माझं मन मऊ पडलं असतं, तर त्या भाषणाने ते पुन्हा कडक केलं.

आवाज थांबला तसे सर ना तळघरात डोकावले, ना गाळ्यातल्या चाचणीच्या जागेकडे फिरकले. बुधवारी ते उशिरा आले, ताजेतवाने, झोप झालेले. चाचणीच्या जागी आमचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणतात, घाटकोपरच्या इंजिनिअर मॅडम, मी आणि काका उभे होतो. पंखा त्याच्या स्वतःच्या राखाडी, पातळ केसिंगमध्ये बसवलेला. दुसरं काही नव्हतंच बसवायला. सरांनी मॅडमना बघून हात जोडले, पंख्याकडे नीट पाहिलंही नाही, आणि काकांना म्हणाले, "चालू करा."

तो हंबरला. मुलुंडच्या म्हशीची सख्खी बहीण. मॅडमच्या हातातला चहा बशीत सांडला. सरांनी हात वर करून पंखा बंद करायला लावला. मग त्यांची नजर त्या राखाडी पत्र्यावर गेली, मग रिकाम्या कोपऱ्याकडे, आणि ते काकांच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "जावई कुठाय?"

काका छताकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "सर, जावई तुमच्या घरी आहे."

"जमाई?" शेठ पुढे आले. "कोनचा जमाई? इथं टेस्टिंग चालू आहे, जमाई कुठून आला?"

"शेठ, टेस्टिंगचं पिवळं केसिंग," मी म्हटलं. "सरांच्या सोसायटीत बसवलंय. सरांनी सांगितलं, जे लागेल ते ने."

"सांगितला," काका छताकडेच बघत म्हणाले. "माझ्यासमोर."

इंजिनिअर मॅडमनी कप खाली ठेवला. त्या शांतपणे बोलणाऱ्या होत्या. "एक मिनिट. म्हणजे मागच्या पंख्यांची प्रमाणपत्रं त्या पिवळ्या केसिंगमधली होती? आणि आमच्या साइटवर आले ते या असल्या पत्र्यात?"

शेठनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "मॅडम, ॲक्च्युअली मोटर नवीन आहे, थोडी सेट व्हायला..."

"केसिंगने एवढा काय फरक पडतो, ते मला समजावून सांगा," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच परिषदेत यावर बोलला होता ना? मी होते तिथे. लोकरीचे धागे."

सरांनी पत्र्यावर टिचकी मारली. मग माझ्याकडे पाहिलं. परिषदेत बटण मी दाबत होते, शब्द त्यांचे होते. आता बटणही नव्हतं आणि शब्दही नव्हते. ते दबक्या आवाजात मला म्हणाले, "सांग ना."

मी खिशातून लाल लोकर काढली. बंद पंख्याच्या तोंडाशी, आतल्या कडेने, गोल धागे चिकटवले. हाताने पातं फिरवून मॅडमना दाखवलं, की इथे टोकाजवळ जेमतेम नख शिरतं आणि तिथे माझं बोट आरपार जातं. मग पंखा चालू करायला सांगितलं. जिथे फट कमी होती तिथे धागे सरळ आत ओढले गेले. जिथे जास्त होती, तिथे ते वळले, फिरले आणि आमच्याकडे तोंड करून फडफडायला लागले. मी मराठीतच बोलले, ओरडून, कारण पंखा हंबरत होता. पहिल्या चक्राच्या टोकांकडून निसटलेली हवा, तिचा भोवरा, दुसऱ्या चक्राचं त्याच्यावर आपटणं. मी अडखळले नाही. मॅडम वाकून एकेका धाग्याकडे बघत होत्या.

त्यांनी सरांकडे वळून मोठ्याने विचारलं, "हे कोणी शोधून काढलं?"

सर म्हणाले, "आमच्या टीमने."

शेठ म्हणाले, "टीम म्हनजे कोन? टीमला नाव नाय काय?"

सरांनी माझं नाव घेतलं. पुटपुटल्यासारखं. त्यांचे ओठ हललेले दिसले तेवढंच.

काकांचा हात बटणावर होता. मी त्यांना मानेने नको म्हटलं. पंखा चालूच राहिला.

"जरा मोठ्याने, सर," मी म्हटलं. "पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, पेढ्यांपासून वांद्र्यापर्यंत सगळं त्यांना त्या वेळी एकदम आठवलं असावं. नसेलही. मग त्यांनी माझं नाव घेतलं, आडनावासकट, घसा ताणून. शेजारच्या गाळ्यातला माणूस बाहेर डोकावला, एवढ्या मोठ्याने. काकांनी बटण बंद केलं, आणि पंखा थांबल्यावरही ते नाव पत्र्याच्या छपराखाली राहिल्यासारखं वाटलं.

दुपारी मी आबांना फोन केला. "आबा, आज नाव घेतलं माझं."

"मागं बी घेतलंवतं की."

"तेव्हा हळू घेतलं होतं."

त्यांनी पान थुंकल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "मला वाटलंच हुतं."

शेठनी त्याच आठवड्यात पद्धत बदलली. आता प्रत्येक पंखा स्वतःच्या केसिंगमध्ये तपासतात, केसिंग आतून कातून घेतात, आणि टोकाची फट मी स्वतः मोजल्याशिवाय गाडी भरत नाही. आधी विकलेले पंखेही एकेक करून दुरुस्त करायचे ठरलं. जावई कारखान्याची मालमत्ता, म्हणून शेठनी तो मुलुंडहून परत मागवला, आणि सरांच्या तळघरात जुनं सैल केसिंग पुन्हा चढलं. म्हैस उठली. मुख्याध्यापिकाबाईंनी सभेची वाट न बघता जिन्यातच विचारलं म्हणे, "शाल परत करताय का तिच्या अंगावर घालताय?"

कोणाचं केसिंग आधी कातायचं, तो क्रम शेठनी माझ्याकडे दिला. मी तो नीट विचार करून लावला. आधी खोल तळघरं, जिथे धूर कोंडला तर माणसं मरतील. मग दवाखाने. मग जिथे म्हातारी माणसं, लहान मुलं जास्त आहेत त्या इमारती. ज्या तळघराला दोन बाजूंनी उघडे उतार आहेत, धूर आपोआप बाहेर पडतो, ते सगळ्यात शेवटी. मुलुंडचं एक तळघर असं आहे. कोणीही तपासून पाहावं, क्रमात चूक सापडणार नाही.

सर अजून आमच्याकडेच आहेत. मी त्यांना अजूनही सर म्हणते, आणि ते केबिनमध्ये आले की उठून उभी राहते. ज्याने दार उघडलं त्याच्यासमोर बसून राहायला मला शिकवलेलं नाही. परवा ते माझ्या टेबलापाशी आले. डोळे तांबारलेले होते. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "आमचा नंबर कधी लागेल गं?"

मी उठून उभी राहिले.

"बघते, सर," मी म्हटलं. "सध्या लोकर संपलीय."